फुप्फुसाचा फायब्रोसिस: औषधाचा त्रास दिसतो, फायदा का दिसत नाही?

मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी घट मांडायला चौरंग काढत होते, तर देवघरामागच्या फडताळात आईच्या गोळ्या सापडल्या. पाकिटातून काढून एका वाटीत ठेवलेल्या. मोजल्या तर बावीस भरल्या. दिवसाला दोन, म्हणजे अकरा दिवस तिने गोळी घेतलीच नव्हती. रोज रात्री मी विचारलं की "घेतली गं" म्हणायची.

मी चिडले. पण तिचं म्हणणं ऐकल्यावर गप्प बसले. "जुलाबाने जीव नकोसा झालाय. आता दर गुरुवारी बायका हळदीकुंकवाला येणार आणि मी आपली संडासात. बरं, दम कमी झाला असता तर सोसलंही असतं. धाप आहे तेवढीच आहे. मग ही गोळी करते तरी काय?"

तिचा प्रश्न बरोबर होता. दीड वर्षात तपासण्या झाल्या, फाइल जाडजूड झाली, पण या प्रश्नाचं उत्तर तिला समजेल अशा भाषेत कोणी दिलं नव्हतं. मीही नाही. मी डॉक्टर नाही, पंचवटीत राहणारी एक मुलगी आहे. आईच्या आजारामुळे जे वाचलं, डॉक्टरांना विचारून विचारून जे समजून घेतलं, ते इथे लिहिते आहे. ज्यांच्या घरात फायब्रोसिसचा पेशंट आहे, त्यांनी हे आपल्या माणसाला वाचून दाखवावं एवढीच इच्छा.

नळी आणि भिंत

दम लागतो म्हटलं की आपल्याकडे दोनच नावं पुढे येतात, दमा नाहीतर टीबी. आईला आधी टीबीच ठरवलं होतं. थुंकीत जंतू सापडले नव्हते, तरी एक्स-रेवरचे डाग पाहून एका डॉक्टरांनी सहा महिने टीबीच्या गोळ्या दिल्या. त्या सहा महिन्यांचं मला आजही वाईट वाटतं. आपल्या देशात टीबी इतका आहे की डॉक्टरांच्या मनात तो आधी येणं साहजिक आहे. पण थुंकीचा रिपोर्ट निल आणि औषधाने काडीचा फरक नाही, असं असेल तर छातीच्या तज्ज्ञाकडे जाऊन एचआरसीटी, म्हणजे छातीचा बारकाईने काढलेला सीटी स्कॅन, करायला हवा. साध्या एक्स-रेत हा आजार सुरुवातीला दिसेलच असं नाही.

आता हा आजार म्हणजे नेमकं काय? नाशिककराला फुप्फुस समजावायला फार लांब जायला नको, द्राक्षाचा घड डोळ्यांपुढे आणा. देठ म्हणजे श्वासनलिका, तिला फुटलेल्या बारीक काड्या म्हणजे आतल्या नळ्या आणि मणी म्हणजे वायुकोश. फरक एवढाच की हे मणी तीस ते पन्नास कोटी असतात. ते सगळे उलगडून पसरले तर सत्तर चौरस मीटर जागा व्यापतील, म्हणजे टू बीएचके फ्लॅटएवढी. त्यांची साल केसाच्या शंभराव्या हिश्शाइतकी पातळ असते. हवेतला ऑक्सिजन त्या सालीतून पलीकडे रक्तात उतरतो.

दमा आणि सीओपीडी (सिगारेटने किंवा धुराने नळ्या अरुंद होण्याचा जुनाट आजार) हे काड्यांचे आजार. नळ्या आवळतात, सुजतात, कफाने भरतात. म्हणून पंप ओढला की नळी मोकळी होते आणि बरं वाटतं. आईचा आजार सालीचा आहे. वायुकोशांच्या भिंतीला पुन्हा पुन्हा सूज येते आणि ती भरून निघताना तिथे व्रण धरतो. हातावर गरम तेल सांडून भाजलं की नंतरची कातडी कशी जाड, आखडलेली, न ताणणारी होते, तसंच आत होतं. यालाच फायब्रोसिस म्हणतात. वायुकोशांच्या भिंतीचे असे दोनशेहून जास्त आजार आहेत आणि त्या सगळ्यांना मिळून आयएलडी म्हणतात. रिपोर्टवर तीन अक्षरं दिसतात ती हीच.

साल जाड झाली की दोन गोष्टी होतात. फुप्फुस पुरतं फुगत नाही, म्हणून श्वास लहान आणि भरभर होतो. आणि ऑक्सिजन उतरायला वेळ लागतो. बसल्या जागी तो वेळ मिळतो. चालायला लागलं की रक्त भराभर पुढे पळतं आणि पुरेसा ऑक्सिजन न घेताच निघून जातं. म्हणून आईचं सॅच्युरेशन सोफ्यावर ९५ दिसायचं आणि मोरीपर्यंत जाऊन आली की ८४. घरात कोणाला हा आजार असेल तर ऑक्सिमीटर चालल्यावर लावून बघा, बसल्यावरचा आकडा फसवतो. निफाडकडची थंडी शहरात उतरते त्या दिवसांत बोटं गार पडलेली असतात, तेव्हाही आकडा खोटाच कमी येतो. हात चोळून गरम करा, नेलपॉलिश पुसा आणि मग लावा.

ज्या मॅडमनी शेवटी निदान केलं, त्यांनी पाठीला खाली स्टेथोस्कोप लावून मलाही ऐकायला दिलं. शाळेच्या दप्तराची चिकटपट्टी ओढून उघडताना येतो तसा आवाज, प्रत्येक श्वासाला. माझ्या आईच्या आत हे चाललंय, हे मला तेव्हा पहिल्यांदा खरं वाटलं.

कबुतरं, कूलर आणि बोर्डो

हा आजार होतो कशाने? पुष्कळदा कारण सापडत नाही. मग त्याला आयपीएफ म्हणतात, त्यातला 'आय' म्हणजे कारण अज्ञात. तो बहुधा साठीनंतर, पुरुषांत जास्त आणि सिगारेट ओढणाऱ्यांत जास्त दिसतो. कधी संधिवातासारख्या आजारातून फायब्रोसिस होतो. पण भारतात मोठा वाटा तिसऱ्याच कारणाचा आहे. २०१७ साली देशातल्या १९ शहरांतल्या १,०८४ आयएलडी रुग्णांची नोंदवही प्रसिद्ध झाली. तिच्यात जवळजवळ निम्म्या, ४७ टक्के रुग्णांचा आजार हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस हा होता. श्वासातून रोज काहीतरी आत जातं, शरीराला ते सोसत नाही, आणि शरीर फुप्फुसातच त्याच्याशी भांडत बसतं. कबुतरांची विष्ठा आणि पिसांवरची पूड, दमट भिंतीची बुरशी, बुरसलेलं धान्य नाहीतर चारा. त्या नोंदवहीत अशा रुग्णांपैकी निम्म्यांच्या आसपास लोकांच्या घरी एअर कूलर होता.

आईचा आजार हाच. आमच्या वाड्यात कबुतरं आणि कूलर दोन्ही होतं. माडीच्या खणांमध्ये कबुतरांची पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती. आई रोज सकाळी ते खण कोरड्या खराट्याने झाडायची, तीस वर्षं. आणि उन्हाळ्यात वाळ्याचा कूलर. त्याची टाकी मे महिन्यात एकदा धुतली तर धुतली. २०२५ च्या पावसाळ्यात मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावरून केवढा वाद झाला, तेव्हा मी आईच्या शेजारी बसून बातम्या बघत होते. मुक्या जिवाला दाणे टाकणाऱ्यांची श्रद्धा मला कळते, आमच्या गोदाघाटावरही मी लहानपणी दाणे टाकले आहेत. पण ती पूड एकदा ज्याच्या फुप्फुसाला नडली, त्याच्या घरात कबुतर नको म्हणजे नको. हे पथ्य गोळीइतकंच मोठं औषध आहे, आणि आजार लवकर कळला तर कधी कधी एवढ्यावरही थांबतो. जाळी बसवा. विष्ठा कोरडी झाडू नका, पाणी मारून ओली करून काढा, आणि त्या वेळी पेशंटला दुसऱ्या घरी पाठवा. पक्षी गेले तरी त्यांची पूड घरात कित्येक महिने राहते, तेव्हा एकदा सफाई झाली म्हणून निश्चिंत होऊ नका.

ओपीडीत आमच्या शेजारी पिंपळगावकडचे एक बागायतदार आजोबा बसायचे. त्यांना आयपीएफ. आयुष्यभर पाठीवर पंप घेऊन द्राक्षाला बोर्डो मारलेला, मोरचूद आणि चुन्याचं ते निळं पाणी. १९६९ साली पोर्तुगालच्या द्राक्षमळ्यांत बोर्डो फवारणाऱ्या मजुरांच्या फुप्फुसात तांब्याचे अंश आणि व्रण सापडले होते. वैद्यकशास्त्रात त्या आजाराला मळ्यात फवारणी करणाऱ्याचं फुप्फुस असंच नाव आहे. आजोबांचा आजार त्यातूनच आला की नाही, हे आज कोणी सांगू शकणार नाही, डॉक्टरांनीही तसंच सांगितलं. पण फवारताना नाकाला नुसता गमछा बांधून भागत नाही, नीट बसणारा मास्क लागतो, हे आपल्या जिल्ह्यात घरोघरी माहीत असायला हवं. कांद्याच्या चाळीत सडका माल निवडणाऱ्या बायकांनाही.

गोळी करते काय

आता आईच्या प्रश्नाकडे येते. एकदा धरलेला व्रण जात नाही. हे वाक्य आम्ही तिच्यापासून लपवत होतो, ती आमची चूक. व्रण जात नाही हे माहीत नसेल, तर पेशंट गोळीकडून बरं होण्याची वाट बघतो आणि बरं वाटलं नाही की गोळी सोडतो.

आजाराच्या सुरुवातीला जी सूज असते, तिच्यावर स्टेरॉइड काम करतं. आईला ते सुरू केलं तेव्हा पहिल्या महिन्यात खोकला खरंच कमी झाला. पण चेहरा सुजला, दुपारच्या जेवणानंतरची साखर अडीचशेवर गेली आणि झोप उडाली. पहाटे तीनला उठून स्वयंपाकघरात दिवा लावून मूग निवडत बसायची. मला वाटायचं, काळजीने झोप येत नसेल. ते औषधाचं होतं. गोळी सकाळी नाश्त्यानंतर एकदम घ्यायची, संध्याकाळकडे ढकलायची नाही, एवढ्याने पुष्कळ फरक पडला. स्टेरॉइडने हाडं ठिसूळ होतात, म्हणून कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी सोबत असतं. आणि एक गोष्ट लक्षात ठेवाच: स्टेरॉइड मनाने एकदम बंद करायचं नाही. बाहेरून मिळतंय म्हटल्यावर शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवतं. गोळी अचानक तोडली तर रक्तदाब पडून माणूस कोसळू शकतो. डॉक्टर ते पायरीपायरीने उतरवतात.

एकाला दिलेलं स्टेरॉइड दुसऱ्याला का देत नाहीत, असं ओपीडीत बरेच जण विचारतात. पूर्वी आयपीएफलाही स्टेरॉइड आणि त्याच्या जोडीला आणखी दोन औषधं देत. २०१२ साली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात ही तीन औषधं घेणारे रुग्ण तुलनेसाठी खोटी, म्हणजे औषध नसलेली, गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त संख्येने दगावले, म्हणून चाचणीतला तो भाग मध्येच थांबवावा लागला होता. तेव्हापासून आयपीएफला ती पद्धत सोडून दिली. म्हणून शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून औषध आणू नका.

व्रण पसरण्याचा वेग कमी करणारी औषधं वेगळी. पिरफेनिडोन आणि निंटेडॅनिब ही त्यांतली मुख्य दोन. २०१४ साली दोन्हींच्या मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. आईला दिली आहे ती निंटेडॅनिब. २०१९ साली आईसारख्या, म्हणजे आयपीएफ नसलेल्या पण वाढत जाणाऱ्या फायब्रोसिसच्या रुग्णांवर तिची चाचणी झाली. पूर्ण श्वास भरून जोरात सोडल्यावर किती हवा बाहेर येते, ते पीएफटीत, म्हणजे नळीत फुंकून करायच्या फुप्फुसाच्या तपासणीत, मोजतात. ज्यांना खोटी गोळी दिली होती, त्यांची ती हवा वर्षात सरासरी १८८ मिलीलिटरने घटली. ज्यांना खरी दिली, त्यांची ८१ ने.

मी आईपुढे दोन कप ठेवले. एक घरातला मोठा, भरलेला. दुसरा टपरीवरचा कटिंगचा. "गोळी घेतली नाही तर वर्षाला हा एवढा श्वास जातो. घेतली तर एवढा. जातो दोन्हीकडे, पण इथे अर्ध्याहून कमी." आईची पूर्ण श्वासाची हवा १.७ लिटर आहे. याच वेगाने तीन वर्षं धरली तर गोळीशिवाय साडेपाचशे मिलीलिटरवर जातील, गोळीने अडीचशेच्या आत. सरासरीचा हिशोब आहे, प्रत्येकाच्या नशिबी तंतोतंत तसंच येईल असं नाही. पण सव्वा लिटरहूनही कमी श्वासात जगणं आणि दीड लिटरच्या आसपास श्वासात जगणं, यांत अंघोळ स्वतःची स्वतः करता येणं न येणं एवढा फरक पडू शकतो.

आणि तिचं म्हणणंही त्या चाचणीत खरंच ठरलं होतं. रुग्णांना कसं वाटतं, हे विचारणारी प्रश्नावली होती. तिच्यात गोळी घेणारे आणि न घेणारे यांच्यात म्हणावा असा फरक दिसला नाही. जुलाब मात्र दर तिघांतल्या दोघांना झाले. म्हणजे आई काही नाटक करत नव्हती आणि तिचा स्वभावही हट्टी नव्हता. या औषधाची घडणच अशी आहे की त्रास आज आणि अंगावर येतो. फायदा मात्र जे घडलं नाही, त्यात असतो.

हे सगळं मी वाचून सांगितलं, पण आईला खरं पटवलं ते पिंपळगावच्या आजोबांनी. ते म्हणाले, "वहिनी, डावणीची फवारणी आपण पान पिवळं पडायच्या आधी मारतो ना? मारल्यावर बाग काही जास्त हिरवी दिसत नाही. पैसा गेलेला दिसतो, अंगाला वास येतो. शेजारच्याची बाग जाते तेव्हा कळतं आपण काय वाचवलं." आई हसली. तिचं माहेर दिंडोरीचं, डावणी हा द्राक्षावरचा बुरशीचा रोग काय असतो ते तिला कोणी सांगायला नको.

जुलाब सोसायचे किती

पटलं म्हणून पोट थांबत नाही. इथे मला सगळ्यांना कळकळीने सांगायचंय: त्रास डॉक्टरांना सांगा. आपली आई-वडिलांची पिढी डॉक्टरांसमोर "बरं आहे" म्हणते आणि घरी येऊन गोळी लपवते. आई लाजेने जुलाबाचं नावच काढत नव्हती. मॅडमना कळल्यावर त्यांनी दहा मिनिटांत चार गोष्टी बदलल्या.

पहिली म्हणजे गोळी भरल्या ताटावर घ्यायची. आई ती सकाळी चहा-बिस्किटावर घेत होती. आता साडेनऊला भाकरी-भाजी किंवा मऊ भात खाते आणि जेवता जेवता मध्येच गोळी घेते. दोन गोळ्यांत बारा तासांच्या आसपास अंतर राहील असं बघायचं. दुसरी, जुलाब थांबवायची लोपेरामाइडची गोळी केव्हा आणि किती घ्यायची, ते कागदावर लिहून घेतलं. पातळ झालं की लगेच घ्यायची, चौथ्या वेळेची वाट बघायची नाही. तिसरी, पाणी आणि मीठ. ओआरएस, पातळ ताक, भाताची पेज. दूध, मिसळ, तळण आणि उसाचा रस आईला नडतात असं आम्हाला डायरी ठेवल्यावर कळलं. प्रत्येकाचं वेगळं असू शकतं, म्हणून पंधरा दिवस काय खाल्लं आणि काय झालं ते लिहून काढा. आणि चौथी गोष्ट आम्हाला माहीतच नव्हती: डोस कमी करता येतो. १५० मिलिग्रॅमचे १०० करून दिले. फारच झालं तर डॉक्टर काही दिवस बंद ठेवून पुन्हा सुरू करतात. पूर्ण डोस सोसवेना म्हणून गोळी फडताळात टाकण्यापेक्षा कमी डोस नेमाने घेणं केव्हाही बरं.

यकृताची रक्ततपासणी सुरुवातीचे तीन महिने दर महिन्याला आणि पुढे तीन-तीन महिन्यांनी करायची, ती चुकवू नका. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती आधी सांगा. वजन दर रविवारी बघा. आईचं चार महिन्यांत पाच किलो उतरलं होतं आणि साडी सैल झाली, एवढंच आमच्या लक्षात आलं होतं.

पिरफेनिडोनचा त्रास निराळा, मळमळ आणि ऊन. त्या औषधावर असताना कातडी उन्हाला हळवी होते, लाल चट्टे उठतात. आजोबांना छाटणीच्या वेळी बागेत जायचंच असतं. ते आता पहाटे जातात आणि नऊच्या आत परत येतात, पूर्ण बाह्यांचा शर्ट, टोपी, मानेला उपरणं आणि उघड्या अंगाला सनस्क्रीन. सनस्क्रीन लावायला त्यांना दोन महिने लाज वाटली. नातीने लावून दिलं तेव्हा लावलं.

ऑक्सिजन म्हणजे शेवट नव्हे

नाशिकमध्ये ऑक्सिजन हा शब्द साधा राहिलेला नाही. २१ एप्रिल २०२१ ला इथल्या महापालिकेच्या एका रुग्णालयात टाकीला गळती लागून पुरवठा तुटला आणि २२ रुग्ण गेले. त्या दिवसांत शहरात ज्याने त्याने सिलिंडरसाठी धावाधाव केली आहे. म्हणून मॅडम "घरी ऑक्सिजन लावू" म्हणाल्या तेव्हा आईने पदर तोंडाला लावला. तिला वाटलं, आता दिवस भरले.

घरचं मशीन म्हणजे कॉन्सन्ट्रेटर. त्यात सिलिंडरसारखा साठा नसतो. खोलीतली हवा ते आत घेतं, तिच्यातला नायट्रोजन गाळून बाजूला काढतं आणि ९० टक्क्यांहून जास्त शुद्ध ऑक्सिजन नळीतून देतं. त्याची सवय लागत नाही. चष्म्याने नजर बिघडत नाही, तसंच हे. बसल्या जागी सॅच्युरेशन ८८ किंवा त्याखाली राहत असेल, तर दिवसातले निदान पंधरा तास ऑक्सिजन ठेवायला सांगतात, झोपेतले तास धरून. ऑक्सिजन सतत कमी पडला की हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो आणि पाय सुजतात. काहींना फक्त चालताना लागतो. किती लिटरवर ठेवायचा ते डॉक्टर ठरवतात. धाप वाढली म्हणून काटा मनाने फिरवू नका. विशेषतः सीओपीडीच्या पेशंटला जास्त ऑक्सिजनने कार्बन डायऑक्साइड साठून गुंगी येऊ शकते.

आमच्या घरात सगळ्यात अवघड प्रश्न निघाला तो देवघराचा. ऑक्सिजन चालू असताना जवळपास ज्योत चालत नाही. समई नाही, निरांजन नाही, उदबत्ती नाही, गॅसची शेगडी नाही. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण साध्या ठिणगीचा भडका करतो आणि तो कपड्यांत, केसांत थोडा वेळ रेंगाळतो. नाकाला तेल किंवा व्हॅसलिनही लावायचं नाही. चाळीस वर्षं सांजवात लावणाऱ्या बाईला हे सांगणं सोपं नव्हतं. आता सांजवात मी लावते. आई दुसऱ्या खोलीच्या दारात खुर्चीवर बसून 'शुभं करोति' म्हणते, एका श्वासात एक ओळ.

मशीन विजेवर चालतं. वळवाच्या पावसात लाइट जाते हे धरून चाला. पाच लिटरचं मशीन साडेतीनशे वॅटच्या आसपास ओढतं, घरच्या इन्व्हर्टरवर किती वेळ चालेल ते आधी एकदा चालवून बघा, आणि एक भरलेला सिलिंडर पाना-रेग्युलेटरसह कोपऱ्यात ठेवा. तो उघडायला घरातल्या निदान दोघांना आला पाहिजे. मशीनची जाळी आठवड्याला धुवायची, एवढंच त्याचं करणं.

उंचीचाही हिशोब असतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटरवर आहे, इथली हवा मुंबईपेक्षा थोडी विरळच. वणीचा गड तर हजार मीटरच्याही वर. आईला सप्तशृंगीला जायचंच होतं. मॅडमना विचारून, लहान सिलिंडर खुर्चीला बांधून, ट्रॉलीने गेलो. वर तिचं सॅच्युरेशन घरच्यापेक्षा तीनने कमी होतं. मॅडमनी वर गेल्यावर अर्धा लिटर वाढवायला सांगून ठेवलं होतं, तेवढं वाढवलं, दर्शन झालं.

रोजचं चालणं बंद करू नका. धाप लागते म्हणून माणूस बसतो, बसल्याने मांड्या गळतात, आणि गळलेल्या मांड्यांना तेच काम करायला जास्त ऑक्सिजन लागतो. फिजिओथेरपिस्टने आई घरात चालेल असा बेत आखून दिला: ऑक्सिजन लावून वाड्याच्या ओसरीवर सहा फेऱ्या, मध्ये खुर्ची. जिना चढताना श्वास सोडताना पाय उचलायचा. अंघोळीला प्लास्टिकचं स्टूल. धाप अंगावर आली की पुढे वाकून टेबलावर कोपर टेकायचे आणि चेहऱ्यावर, नाकाजवळ पंख्याचा वारा घ्यायचा. गालाच्या मज्जातंतूंना गार वारा लागला की मेंदूला धाप कमी जाणवते, यावर अभ्यास झालेले आहेत. आईच्या पदराशी आता वाळ्याचा हातपंखा असतो, कूलर गेला तरी वाळा राहिला. फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोकोकसची, म्हणजे न्यूमोनियाच्या जंतूवरची, डॉक्टर सांगतील तशी घ्या. शेकोटीच्या धुरापासून लांब बसा.

बोलायचं राहून जातं ते

फायब्रोसिसमध्ये कधी कधी आजार अचानक भडकतो. आठवडा-दोन आठवड्यांत दम एकदम वाढतो, आयसीयू लागतं. अशा वेळी दारात उभा डॉक्टर विचारतो, "व्हेंटिलेटर लावायचा का?" आणि घरातले एकमेकांची तोंडं बघतात. फायब्रोसिस खूप पुढे गेलेला असताना व्हेंटिलेटरवर गेलेल्यांपैकी बरेच जण परत येत नाहीत. फुप्फुस बदलण्याची शस्त्रक्रिया मुंबई-पुण्यात होते, पण वय, इतर आजार आणि खर्च पाहता ती थोड्यांच्याच वाट्याला येते. ज्यांचं वय बसतं त्यांनी मात्र उशीर न करता विचारावं.

आईशी हे बोलायला मी आठ महिने घाबरले. शेवटी तिनेच काढलं, ओसरीवरच्या चौथ्या फेरीनंतर. "मला नळी घालून ठेवू नका. पण तडफडूही देऊ नका." दुसऱ्या वाक्याचं उत्तर आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. धाप कशानेच कमी होत नाही, तेव्हा डॉक्टर काही रुग्णांना मॉर्फिनचा अगदी लहान डोस देतात, त्याने श्वासाची घालमेल उतरते. हे उपचार शेवटच्या आठवड्यातच घ्यायचे असतात असं नाही, इतर औषधांबरोबर आधीपासून घेता येतात.

पहिल्या वाक्याचीही सोय आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली आपली अशी इच्छा आधी लिहून ठेवायला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये तिची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर सही, एवढं पुरतं. आईने मराठीत, स्वतःच्या अक्षरात, पाऊण पानाचं लिहिलं. सही करताना दोनदा थांबून श्वास घेतला. तो कागद एचआरसीटीच्या फिल्मबरोबर फाइलमध्ये सगळ्यात वर आहे, एक प्रत मॅडमकडे आणि एक भावाकडे पुण्याला. गोळ्यांची वाटी आता देवघरासमोरच्या कट्ट्यावर असते, सकाळची एक, रात्रीची एक.